‘आम्ही’ आणि ‘आपण’ : हिवाळी मुक्कामाच्या प्रवासलेखनाची एक कसोटी

युरोपीय प्रवासवाङ्मयात एक उपप्रकार असा आहे की, त्याला मराठीत अद्याप स्वतंत्र नाव मिळालेले नाही. उत्तरेकडील थंड देशातला माणूस हिवाळ्याच्या तोंडावर घर बंद करतो, गाडीत सामान भरून मजल दरमजल करीत समुद्रकाठ गाठतो, नावेने पाणी ओलांडतो, आणि दक्षिणेकडच्या एखाद्या उबदार गावी वसंत येईपर्यंत बिऱ्हाड थाटतो. परतल्यावर तो त्या मुक्कामाचे पुस्तक लिहितो. गाडी कधी घोड्यांची असते, कधी मोटार. नाव कधी वाफेची असते, तर कधी मोटारींसकट सर्वांना पोटात घेणारी आजची फेरीबोट. परंतु रस्ता, पाणी आणि मुक्काम ही तीन अंगे कायम राहतात. या लेखनाची पारख कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभीच एका शब्दाकडे लक्ष वेधणे इष्ट होईल. ‘प्रवास’ या शब्दाचा आज आपण करतो तो अर्थ गतिवाचक आहे. परंतु त्यातील धातू ‘वस्’ म्हणजे राहणे हा आहे. प्रवास म्हणजे मुळात घरापासून दूर राहणे. इंग्रजी ‘ट्रॅव्हल’ हा शब्द कष्टवाचक शब्दापासून आला आणि त्याच्या मुळाशी छळाच्या एका साधनाचे नाव असल्याचे सांगतात. आपला शब्द मात्र वाटेचे हाल सांगत नाही, परस्थळीचा वास सांगतो. याच धातूपासून बौद्ध परंपरेतील ‘वर्षावास’ सिद्ध झाला आहे. आपल्याकडे ऋतू फिरस्त्याला थांबवतो; पावसाळ्यात भिक्षूने एका ठिकाणी राहावे, असा दंडक होता. युरोपात याच्या उलट, ऋतू घरबशाला बाहेर काढतो. लॅटिनमध्ये ‘हिबेर्ना’ म्हणजे सैन्याची हिवाळी छावणी. त्या शब्दाचे मूळ आणि आपल्या ‘हिम’, ‘हेमन्त’ यांचे मूळ एकच होय. तेव्हा ज्या लेखनात प्रवासाचे सार मुक्कामात आहे, त्या लेखनाला ‘प्रवास’ हा शब्द मूळच्या अर्थाने लागू पडतो. आणि अशा लेखनाचे मूल्यमापनही त्यातील वेगावरून वा दृश्यांच्या विपुलतेवरून न होता, त्यातील ‘वासा’वरून व्हावयास हवे.

१

हा ‘वास’ मोजावयाचा कसा? येथे मराठीचे व्याकरण एक नेमके साधन हाती देते. प्रथमपुरुषी अनेकवचनाची आपल्याकडे दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो आत घेतला जातो. ‘आम्ही उद्या निघू’ आणि ‘आपण उद्या निघू’ या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. तथापि पहिले वाक्य ऐकणारा घरीच राहतो, दुसरे ऐकणारा सामान बांधावयास लागतो. गुजरातीतील ‘अमे–आपणे’, तेलुगूतील ‘मेमु–मनमु’, तमिळमधील ‘नाङ्गळ्–नाम्’ या जोड्याही हाच भेद पाळतात. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेतील एकच सर्वनाम ही दोन्ही कामे करते, आणि कोणते काम चालले आहे हे संदर्भावर सोडून देते. स्पॅनिशची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिच्यातील ‘नोसोत्रोस’ या शब्दाची फोड ‘आम्ही–इतर’ अशी होते. म्हणजे मुळात ते विरोधदर्शक रूप होते, आणि पुढे तेच सर्वसाधारण रूप ठरले.

‘आपण’ची व्युत्पत्तीही ध्यानात घेण्याजोगी आहे. संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातील ‘अप्पण’मार्गे तो आला. जो शब्द मुळात ‘स्वतः’ एवढाच अर्थ सांगत होता, त्यानेच पुढे समोरच्याला आपल्यात सामावून घेतले, आणि आदरार्थी द्वितीयपुरुषाचे कामही पत्करले. स्वतः, तुम्ही आणि आपण सर्व, या तिन्ही अर्थांना एकच शब्द पुरतो.

यावरून पुढील कसोटी सुचते. हिवाळी मुक्कामाचे एखादे पुस्तक मराठीत आणावयाचे झाल्यास अनुवादकाला प्रत्येक प्रथमपुरुषी अनेकवचनापाशी थांबून निवड करावी लागेल. मूळ लेखकाने जे मोघम ठेवले ते मराठी मोघम ठेवू देणार नाही. मग प्रश्न असा की, त्या पुस्तकात स्थानिक माणसासह ‘आपण’ लिहिण्याची वेळ कधी येते काय? आणि येत असल्यास ते ‘आपण’ कमावलेले असते, की फुकटचे?

२

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे जॉर्ज सांद या फ्रेंच लेखिकेचे ‘मायोर्कातील एक हिवाळा’. १८३८ च्या नोव्हेंबरात ती आपली दोन मुले आणि संगीतकार शोपाँ यांच्यासह बार्सेलोनाहून ‘एल मायोर्किन’ या आगबोटीने पाल्मा बंदरी उतरली. मुलाची प्रकृती आणि शोपाँची छाती यांसाठी हवापालट करावा, हा हेतू. प्रथम पाल्मानजीक एका घरात आणि १५ डिसेंबरपासून वाल्देमोसा येथील रिकाम्या झालेल्या कार्थुसियन मठात त्यांनी बिऱ्हाड केले. ११ फेब्रुवारी १८३९ रोजी ते तेथून निघाले. हे लेखन १८४१ मध्ये एका पॅरिसच्या नियतकालिकातून आणि १८४२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

या पुस्तकातील निसर्गवर्णने आजही ताजी वाटतात. परंतु माणसांविषयी लिहू लागताच तिच्या वाक्यांची घडण पालटते. निसर्ग भूतकाळात येतो : अमुक संध्याकाळी अमुक दिसले. माणूस मात्र वर्तमानकाळात आणि जातिवाचक एकवचनात येतो : मायोर्काचा शेतकरी असा असतो, तो अमुक करतो, तमुक करीत नाही. व्याकरणदृष्ट्या हे रूप प्राण्यांच्या सवयी सांगताना वापरतात तेच आहे. आणि लेखिकेने बेटवासीयांना माकडांची उपमाही देऊन टाकली आहे. समोर ‘तो’ असा जातिवाचक झाला की इकडे ‘आम्ही’ घट्ट होतो. पुस्तकभर हा ‘आम्ही’ म्हणजे लेखिका, मुले आणि एक आजारी माणूस. त्या आजाऱ्याचे नावही पुस्तकात नाही. शोपाँ तेथे केवळ रोगी म्हणून वावरतो. आत्मचरित्रात (१८५४–५५) मात्र तो नावाने येतो. पाल्माहून पुरात सापडलेल्या वाटेने ती आणि मुलगा मध्यरात्री मठात पोहोचले, तेव्हा तो पियानोपाशी बसलेला होता, हा प्रसंग तेथे आहे. नाव आले, तारखेसारखी नेमकी रात्र आली, आणि माणूस दिसू लागला.

सांदच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. क्षयाच्या शंकेवरून पहिल्या घरमालकाने त्यांना बाहेर काढले आणि भिंतींच्या सफेदीपासून बिछान्यापर्यंतचा खर्च मागितला. पॅरिसहून आलेला पियानो जकातीसाठी अडकून पडला. चर्चला न जाणाऱ्या या कुटुंबाला गावकऱ्यांनी चढ्या दराने जिन्नस विकले. परतीच्या बोटीवर डुकरांचा कळप होता. खोकणाऱ्या शोपाँला सर्वांत वाईट बिछाना देण्यात आला, कारण तो नंतर जाळावा लागणार होता. एवढे सोसलेल्या बाईने कडू लिहिले, तर त्याचा दोष कोणी किती द्यावा?

परंतु समीक्षेचा मुद्दा कडवटपणाचा नाही. डुकरांचाच दाखला घ्यावा. बेटावर आगबोट आली ती डुकरांच्या निर्यातीसाठी, माणसे त्यात ओघाने आली, असे सांद मोठ्या उपरोधाने सांगते. उपरोध बाजूला ठेवला तर हे अर्थव्यवहाराचे नेमके निरीक्षण आहे. ज्या बोटीने तिला आणले ती बोट बेटाच्या गरजेने चालत होती, तिच्या हवापालटासाठी नव्हे. येथे क्षणभर तिला आपले खरे स्थान दिसते : दुसऱ्याच्या वाहनातील एक ओघाने आलेला उतारू. पण या ज्ञानाचा उपयोग ती केवळ थट्टेसाठी करते, आणि ‘आम्ही’ची भिंत तशीच राहते.

तरीही एक जागा या नियमाला अपवाद आहे, आणि ती पाण्यावरचीच आहे. जाताना, बार्सेलोना आणि पाल्मा यांच्या दरम्यान, उबदार काळोख्या रात्री बोटीवर सारे निजलेले आहेत. झोप येऊ नये म्हणून सुकाणूवरचा खलाशी हलक्या आवाजात गात आहे, आणि ही मंडळी ते ऐकत आहेत. येथे ‘मायोर्काचा माणूस’ नाही, एक माणूस आहे. वर्तमानकाळातील सवय नाही, एका रात्रीचा भूतकाळ आहे. त्या गाण्यावर साऱ्या बोटीची सुरक्षितता अवलंबून आहे, उतारूंची तशीच खलाशाचीही. मराठी अनुवादकाला या उताऱ्यात ‘आपण’ लिहिण्याचा मोह झाला तर तो क्षम्य मानावा लागेल. पुस्तकातील उत्तम उतारा तोच आहे, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही.

सांदला उत्तर मिळाले. होसे मारिया क्वाद्रादो या विशीतल्या बेटवासी अभ्यासकाने १८४१ मध्येच ‘ला पाल्मा’ या नियतकालिकात तिचे खंडन प्रसिद्ध केले. ज्यांना ‘ते’ म्हटले होते, त्यांतील एकजण बोलू लागला. त्याचा सूर संतप्त आहे, आणि काही ठिकाणी तो लेखिकेच्या चारित्र्यावर घसरतो. वाङ्मय म्हणून तो सांदची बरोबरी करू शकत नाही. परंतु १९२९ पासून त्याच बेटावर घर केलेल्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने १९५६ मध्ये सांदच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा क्वाद्रादोचे खंडनही त्याच ग्रंथात छापले. परस्परांना वगळणारे दोन ‘आम्ही’ असे एका बांधणीत आले, आणि सांदच्या पुस्तकाने जे केले नाही ते संपादनाने काही अंशी साधले.

३

सांदच्या काळी पाण्याशी पोहोचताच गाडी संपत असे. पलीकडे दुसरी गाडी, दुसरा गाडीवान. तिने बेटावर ‘बिर्लोचो’ नावाच्या घोडागाडीतून खाल्लेले हिसके पुस्तकात नोंदले आहेत. विसाव्या शतकात वाहन प्रवाशाच्या मालकीचे झाले, आणि पुढे तेच वाहन पाणीही ओलांडू लागले. आरंभी मोटार यारीने उचलून मालासारखी बोटीत ठेवीत. १९५३ मध्ये डोव्हर बंदरात मोटारींसाठी खास धक्के उघडले, आणि तेथून मालकाने स्वतः गाडी हाकत बोटीच्या पोटात नेण्याची रीत रूढ झाली. १९७८ मध्ये प्लिमथ ते सान्तान्देर अशी फेरीबोट सुरू झाली. या बोटीने इंग्रज माणूस फ्रान्सचा रस्ता न तुडवता गाडीसह थेट स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर उतरू शकतो.

या बदलाचा वाङ्मयीन परिणाम कोणता? घोडागाडीत गाडीवान असतो, आणि त्याच्याशी बोलावे लागते. आगगाडीत समोरच्या बाकावर कोणीतरी असते. स्वतःच्या मोटारीत मात्र ‘आम्ही’ला चार दारे आणि काचा मिळतात. घरचा चहा, घरची पांघरुणे, घरची भाषा त्यात भरून नेता येते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर मोटारीने प्रवाशाला प्रत्येक वाक्याचा कर्ता केले : आम्ही निघालो, आम्ही वळलो, आम्ही थांबलो. फेरीबोट ही त्या कर्तृत्वातील एकच खंड आहे. समुद्रावर असताना मोटारींच्या मजल्यावर कोणास थांबू देत नाहीत. घर खाली कुलुपात राहते, आणि मालक वर येऊन इतरांसारखा उतारू बनतो. सान्तान्देरच्या वाटेवर हा खंड सुमारे वीस तासांचा असतो. बिस्केच्या उपसागरातील लाटा मोटारीची किंमत पाहून हलत नाहीत. म्हणून या प्रकारच्या लेखनात पाण्यावरचे प्रकरण लेखकाने कसे लिहिले आहे, ते आधी वाचावे. त्याला तेथे केवळ गैरसोय दिसली असेल, तर पुढील चार महिन्यांत त्याला फारसे काही दिसण्याचा संभव कमी.

मोटारीतून लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा दोष लागतो असे मात्र नव्हे. रोझ मॅकॉले या इंग्रज लेखिकेने १९४७ च्या उन्हाळ्यात एकटीने मोटार हाकत पिरेनीजपासून पोर्तुगालच्या टोकापर्यंतचा किनारा पाहिला. तिचे ‘फेबल्ड शोअर’ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा हिवाळी मुक्काम नव्हे. येथे त्याचा उल्लेख तुलनेसाठी आहे. एकटी बाई गाडी चालवते, हे पाहून गावोगाव लोक थक्क होत, हे ती सांगते. म्हणजे पाहणारी स्वतःच पाहिली जाते. तिच्या पुस्तकात ‘आम्ही’ला जागाच नाही; आहे तो ‘मी’. सोबतीला आहे तो आव्हिएनस हा प्राचीन लॅटिन कवी, ज्याने याच किनाऱ्याचे वर्णन केले होते. हा ‘मी’ प्रामाणिक आहे. जो थांबला नाही त्याने थांबल्याचा आव आणू नये, एवढी मर्यादा तो पाळतो. वाटसरूचे ज्ञान वाटसरूच्या सर्वनामात सांगणे, हाही एक वाङ्मयीन गुण होय. सांदचा दोष असा की, ती हिवाळाभर राहिली आणि तरी तिने वाटसरूचे व्याकरण सोडले नाही.

४

राहणाऱ्याचे व्याकरण कसे असते, हे लॉरी ली या इंग्रज कवीच्या ‘अ रोझ फॉर विंटर’ (१९५५) या पुस्तकावरून दाखवता येईल. पत्नीसह अंदालुसियात घालवलेल्या एका हिवाळ्याचे हे वर्णन आहे. मोटार त्यात नाही. जिब्राल्टरहून अल्हेसिरासला नेणारी फेरीबोट मात्र आहे. अंतर फक्त एका खाडीचे; पण एका बाजूस ब्रिटिश व्यवस्था आणि दुसऱ्या बाजूस यादवी युद्धाने दरिद्री झालेला स्पेन.

या छोट्या बोटीमागे एका मोठ्या बोटीची आठवण आहे. ली तरुणपणी, १९३५–३६ मध्ये, अल्मुन्येकार या किनाऱ्यावरच्या गावी राहिला होता. युद्ध पेटल्यावर ब्रिटिश नागरिकांना नेण्यासाठी आलेल्या ब्रिटिश विनाशिकेने त्याला तेथून उचलले. हा भाग त्याने १९६९ च्या पुस्तकात सांगितला. त्या दिवशी ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांची विभागणी पासपोर्टाने केली. ज्यांच्यात तो राहिला, खाल्ले–प्याला, ते किनाऱ्यावर राहिले. पंधरा वर्षांनी परतणारा ली ही विभागणी विसरलेला नाही. त्यामुळे त्याच्या पुस्तकात स्थानिक माणूस जातिवाचक वर्तमानकाळात क्वचितच येतो. येतो तो अमुक रात्री, अमुक दारात, अमुक बोलताना. लीची भाषा अलंकारांनी लगडलेली आहे, कधी कधी अति लगडलेली. तिच्यात दारिद्र्याला सौंदर्याची झाक येते, हा आक्षेप योग्यच आहे. पण वाक्याचा कर्ता पाहिला तर तो पुष्कळदा लेखक नसून समोरचा माणूस असतो. पाहुणा कर्म बनतो : त्याला बसवले जाते, पाजले जाते, विचारले जाते.

आणखी एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या लेखनात लीने अल्मुन्येकारला ‘कास्तियो’ असे दुसरे नाव दिले. फ्रँकोची राजवट चालू होती, आणि खरे नाव छापल्याने तेथील माणसांना त्रास होण्याचा संभव होता. सांदनेही एक नाव गाळले आणि लीनेही. सांदने गाळले ते आपल्या माणसाचे, आपल्या ‘आम्ही’ची अब्रू राखण्यासाठी, लीने गाळले ते त्यांच्या गावाचे, त्यांची सुरक्षितता राखण्यासाठी. ‘आपण’ हा शब्द इंग्रजीत नाही. पण ‘आपण’ची जबाबदारी या बदललेल्या नावात आहे. लेखकाने स्वतःला त्या गावाचा म्हणवून घेतलेले नाही. गावावर आपल्या लेखनाचा भार पडेल, एवढे मात्र ओळखले आहे.

५

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही वाङ्मयाची कसोटी नसून सौजन्याची आहे. परंतु सर्वनाम, काळ, वचन आणि कर्ता ही लेखनाची अंगेच होत. त्यांची निवड बदलली की दिसणारी वस्तू बदलते. सांदच्या पुस्तकात माणसे अंधुक आणि डोंगर स्पष्ट दिसतात, हा त्या निवडीचा परिणाम आहे. खलाशाच्या गाण्यापाशी निवड बदलताच माणूसही स्पष्ट झाला. येथे नीती आणि शैली वेगळ्या काढता येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आपण’ सहज म्हणता येते, आणि खोटेही म्हणता येते. तीन आठवडे राहून ‘आपल्या गावात’ असे लिहिणारा पाहुणा सांदहून अधिक दुरापास्त असतो. सांद निदान उघडपणे बाहेर उभी होती. मराठी प्रवासवर्णनांतही याचे एक सौम्य रूप आढळते. ‘अपूर्वाई’पासून (१९६०) रूढ झालेल्या गप्पिष्ट शैलीत ‘आपण’ पदोपदी येतो. पण तो बहुधा लेखक आणि मराठी वाचक यांचा ‘आपण’ असतो. तो वाचकाला लेखकाच्या शेजारी बसवतो. ज्या देशाविषयी लिहिले जात आहे तेथील माणूस त्या बाकावर नसतो. हा दोष म्हणून सांगावयाचा नाही. कोणाला आत घेतले आणि कोणाला नाही, हे वाचकाने पाहावे, एवढेच. कसोटी ‘आपण’ या शब्दाच्या संख्येची नाही, त्यासाठी दिलेल्या किमतीची आहे.

आज या प्रश्नाला एक नवे अंग प्राप्त झाले आहे. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले, आणि २०२१ च्या आरंभापासून ब्रिटिश नागरिकाला स्पेनमध्ये व्हिसावाचून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ऑक्टोबरात फेरीबोटीने गाडी उतरवून मार्चअखेर परतण्याची जी रीत अनेक वृद्ध दांपत्यांनी पाळली होती, ती यामुळे मोडली; हिवाळा दिवसांत मोजावा लागू लागला. राहणे आणि येऊन जाणे यांतील सीमा पूर्वी लेखकाच्या मनात होती, ती तेव्हा पासपोर्टावरील शिक्क्यात आली. ज्यांनी वर्षानुवर्षे तेथे हिवाळे काढले, त्यांतील कितीजण शेजाऱ्यासह ‘आपण’ म्हणू शकत होते, हा प्रश्न त्या शिक्क्याने उघडा केला. त्याचे उत्तर देणारे पुस्तक लिहिले जाईल तेव्हा त्याची पारख करण्याचे साधन आपल्या भाषेत तयार आहे.

अभ्यासकांना येथे एक काम सुचवावेसे वाटते. सांद, ली किंवा या परंपरेतील अन्य कोणाचे एखादे प्रकरण मराठीत आणताना प्रत्येक प्रथमपुरुषी अनेकवचनापाशी ‘आम्ही’ की ‘आपण’, याची नोंद करावी, आणि निवडीचे कारण लिहावे. अनुवाद पुरा होईतो त्या नोंदींतूनच समीक्षा तयार झालेली असेल. मूळ लेखक कोणत्या पानावर पाणी ओलांडतो, हे सहज सांगता येते. तो पलीकडे कोणत्या पानावर पोहोचतो, की पोहोचतच नाही, हे त्या नोंदी सांगतील.